फळ्यावरचं ऊन

शाळेच्या गेटवर पत्र्याच्या छपराखाली टांगलेल्या हिरव्या फळ्यावर आधी सुविचार लिहिले जायचे. सुविचार कोण वाचतो? 'वेळ मौल्यवान आहे' या ओळीखाली उभं राहून पोरांच्या आया निवांत गप्पा ठोकायच्या. जूनमध्ये सुलक्षणा परबने तो फळा मुख्याध्यापकांकडून मागून घेतला आणि त्यावर रोजचा हवामान अंदाज यायला लागला. तेव्हापासून विक्रोळीच्या टेकडीवरची अख्खी वस्ती त्या फळ्यासमोर थांबायला लागली.

अंदाज सुलक्षणा सांगत नसे, तिची पाचवीची पोरं सांगायची. पुस्तकातला हवामानाचा धडा मिटून ठेवून तिने पोरांना पटांगणात सतरंजीवर उताणं झोपवलं होतं आणि ढगांना नावं ठेवायला सांगितली होती. नावं ठेवण्यात पोरं पटाईत. पिंजलेल्या पांढऱ्या ढगाचं नाव पडलं म्हातारी, थरावर थर चढलेल्याचं गादी, आणि काळ्या फुगीर ढगाचं मुख्याध्यापक. मग पाण्याची बाटली कापून पाऊस मोजायचं भांडं झालं. पुठ्ठ्याचा कोंबडा वाऱ्याची दिशा दाखवायला लागला. खिडकीत मिठाची उघडी वाटी आली, कारण हवेत ओल वाढली की मीठ चिकट होतं, हे प्रत्येकाच्या घरी दिसतं पण धड्यात कुणी सांगत नाही.

सगळ्यात धमाल केसाची झाली. माणसाचा केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. पुठ्ठ्यावर केस ताणून त्याला कागदाचा काटा अडकवला, की ओल वाढल्यावर काटा खाली येतो. हे कळल्यावर पोरांनी एकमेकांचे केस उपटायला सुरुवात केली आणि निम्मा वर्ग टकला व्हायची वेळ आली. शेवटी श्वेता खरातचा केस पसंत पडला, कारण तिची वेणी वर्गात सगळ्यात लांब. तिची आई शकु पोरीच्या डोक्यावर तेल असं थापायची की त्या केसाला हवा लागणार कुठून! तो शाम्पूने दोनदा धुवावा लागला. मग रोज सकाळी श्वेता काट्यापुढे उभी राहून, "बाई, माझा केस आज लांबलाय," असं सांगायची, तेव्हा तिच्या आवाजात कलेक्टरची ऐट असायची.

सुलक्षणाचा नियम एकच होता. प्रश्न विचारला की पोरं बाईंच्या तोंडाकडे बघतात. बाईंची भुवई हलली तर उत्तर बदलतात, बाई हसल्या तर तेच धरून ठेवतात. शाळा पालिकेची असो की लाखाची फी घेणारी, पोरं इथून तिथून सारखीच. म्हणून ती सारखी ओरडायची, "माझ्या तोंडाकडे काय बघताय? उत्तर तिथे लिहिलेलं नाही. आभाळाकडे बघा!" हे पोरांना इतकं पाठ झालं होतं, की गणिताच्या तासालाही आकाश नावाचा एक वांड मुलगा हात वर करून विचारायचा, "बाई, आभाळाकडे बघू?"

फळ्यावर रोज एक चित्र निघायचं, ऊन किंवा ढग किंवा पाऊस, आणि त्याखाली ज्याने अंदाज काढला त्याचं पूर्ण नाव. चुकला तरी नाव, बरोबर आला तरी नाव. सुरुवातीला बायकांना मजा वाटली. मग कपडे कधी वाळत घालायचे ते फळ्यावरून ठरायला लागलं. आणि दसरा उलटल्यावर, परतीचा पाऊस येतो-जातो करत असताना, फळ्याला खरंच किंमत आली. वस्तीतल्या काही बायका मिळून दिवाळीचे आकाशकंदील बनवायच्या. शकु त्यांची पुढारी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर गव्हाच्या पिठाची खळ लावून चिकटवलेला रंगीत कागद. खळ उन्हात कडक वाळली पाहिजे, नाहीतर कागद सुटतो किंवा त्याला बुरशी धरते. कंदील वाळायला ठेवायचे बुद्धविहाराच्या गच्चीवर. फळ्यावर ढग असला की शकु कंदील घरात ठेवायची, ऊन असलं की गच्चीवर पसरायची. एकदा आभाळ निरभ्र असताना पोरांनी फळ्यावर पाऊस काढला होता आणि संध्याकाळी तो आला होता. त्या दिवसापासून शकु म्हणायची, "टीव्हीवाल्यापेक्षा आपली पोरं बरी!"

हे सगळं सुलक्षणाला माहीत होतं. माहीत नसतं, तर पुढे जे झालं त्याची गोष्ट वेगळी होती.

त्या शुक्रवारी शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब शाळेचा हवामान उपक्रम बघायला येणार होते. मुख्याध्यापक चंद्रप्रकाश सर सकाळपासून गेट ते ऑफिस अशा फेऱ्या मारत होते. माणूस वाईट नव्हता. आपण निवृत्त होईपर्यंत या शाळेत काही म्हणजे काहीही घडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मॅडम, पाऊसबिऊस नाही ना? नाहीतर हॉलमध्ये घेऊन टाका सगळं. रिस्क नको."

"नाही सर, पटांगणातच घेऊ," सुलक्षणा म्हणाली. हॉलमध्ये पुठ्ठ्याचा कोंबडा फिरणार कसा? छताखाली पोरं ढग कुठले दाखवणार? तिने महिनाभर या दिवसाची तयारी केली होती. नवी साडी नेसली होती. हा उपक्रम दुसऱ्या शाळांतही जावा असं तिला वाटत होतं, आणि त्याबरोबर आपलं नावही जावं असंही वाटत होतं. त्यात गैर काही नव्हतं.

तेवढ्यात श्वेता धावत आली. त्या दिवसाचा अंदाज तिचा होता, आणि फळ्यावर पावसाचा ढग ती नुकताच काढून आली होती.

"बाई, दुपारनंतर पाऊस येणार. काटा पार खाली आलाय, मीठ पण चिकट झालंय. आणि तिकडे बघा ना, मुख्याध्यापक आलेत!"

सुलक्षणा दचकून व्हरांड्याकडे वळली. पण पोरगी आभाळात बोट दाखवत होती. मुलुंडच्या बाजूला डोंगरावर एक ढग सकाळीच डोकं वर काढत होता, फुगीर, कडेला पांढरा, बुडाशी काळपट. असे ढग ऊन तापेपर्यंत वाढत जातात आणि दुपारी कोसळतात, हे सुलक्षणानेच वर्गाला शिकवलं होतं. तिलाही तेच दिसलं. दिसलं, आणि नकोसं झालं.

कारण फळ्यावर पाऊस दिसला की सर कार्यक्रम हॉलमध्ये ढकलणार. साहेब गेटमधून शिरताना तेच वाचणार आणि ड्रायव्हरला गाडी वळवून ठेव म्हणणार.

"अगं, कुठला पाऊस?" ती म्हणाली. "हे बघ, फोनवर काय दाखवतंय."

फोनवर सूर्य होता. सूर्याच्या शेजारी एक छोटा थेंबही होता, पण त्या थेंबावर सुलक्षणाचा अंगठा होता.

"पण बाई, माझा केस..."

"तुझ्या केसाला काय कळतंय? जुना झाला तो आता."

भोवती जमलेली पोरं हसली. आकाश तर मांडीवर हात आपटून हसला. श्वेताने एकदा डोंगराकडे बघितलं. मग तिने बाईंच्या तोंडाकडे बघितलं, नीट, वेळ घेऊन. तिथे जे लिहिलं होतं ते तिला वाचता आलं असावं, कारण ती मुकाट्याने गेटवर गेली, ओल्या फडक्याने ढग पुसला आणि पिवळ्या खडूने मोठं गोल ऊन काढलं. खाली लिहिलं, आजचा अंदाज, श्वेता धम्मपाल खरात.

साहेब गेले की फळा दुरुस्त करू, असं सुलक्षणाने ठरवलं होतं. अगदी मनापासून ठरवलं होतं.

थोड्या वेळाने शकु धाकट्याला बालवाडीत सोडायला आली. गेटवर थांबून तिने फळा वाचला, लेकीचं नाव वाचलं, आणि पटांगणातल्या सुलक्षणाकडे बघून हात हलवला. सुलक्षणानेही हात हलवला. चार पावलं चालत जाऊन 'कंदील बाहेर घालू नका' एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण तितक्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि साहेब आले.

कार्यक्रम झकास झाला. कोंबडा गरगर फिरला. साहेबांनी सतरंजीवर बसून ढगांची नावं ऐकली. मुख्याध्यापक ढगाचं नाव तेवढं आकाशने ऐन वेळी गिळलं. श्वेताने माईकवर अंदाज वाचला, "आज दिवसभर कडक ऊन राहील," आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सुलक्षणाला पुष्पगुच्छ मिळाला, फोटो निघाले, सरांनी सगळ्यांना वडे मागवले. त्या गडबडीत शाळा सुटली. फळा तसाच राहिला.

दुपारी मुलुंडच्या घरी ती नवऱ्याला, हर्षदला, कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवत बसली होती, तेव्हा अंधारून आलं. मग गडगडलं, आणि खिडकीची काच दिसेनाशी होईल असा पाऊस कोसळला.

"तुझं नशीब बघ," हर्षद म्हणाला. "सगळं उरकल्यावर आला."

ती हसली. अगदी खुशीत हसली. आणि त्याच वेळी हातातल्या फोनमधून श्वेताचा आवाज आला, "आज दिवसभर कडक ऊन राहील." सुलक्षणाने व्हिडिओ थांबवला. फळा!

शकुचा नंबर तिच्याकडे नव्हता. सरांना फोन लावून काय सांगणार? आणि आता सांगून उपयोग काय? बायकांनी पाऊस बघून कंदील उचललेच असतील, त्या काय लहान आहेत, असं ती स्वतःला समजावत राहिली. पाऊस थांबला तरी तिचं समजावणं चालूच होतं.

शनिवारी सकाळी शाळेच्या गेटवर फळ्याचा अवतार बघून ती जागीच थांबली. कुणीतरी उन्हावर चिखल फेकून मारला होता. चिखल ओघळून खाली नावावर आला होता. श्वेता शाळेत आली नव्हती. आकाशने, न विचारताच, सगळी बातमी दिली.

"बाई, सगळ्या कंदिलांची वाट लागली! विहाराच्या गच्चीला कुलूप होतं ना, चावी शकुमावशीकडे, आणि ती घाटकोपरला कागद आणायला गेलेली. बाकीच्या पण कामावर. सुगंधा आजी कुलूप तोडायला निघालेली पण तुटलंच नाही. श्वेताला जाम मार पडला बाई. सगळ्या बायका म्हणतायत, खोटारडी आहे ती."

आकाश हे सांगताना हसत नव्हता.

शाळा सुटल्यावर सुलक्षणा टेकडीच्या पायऱ्या चढली. चढताना वाक्यं जुळवत होती. शकुताई, चूक माझी आहे. श्वेताने पाऊसच सांगितला होता. मीच पुसायला लावला. इतकं साधं होतं. पायऱ्या संपेपर्यंत तिला ते पाठही झालं.

शकुच्या घरात शिरल्यावर आधी दिसला तो कंदिलांचा ढीग. कागद गळून पडलेले, कामट्यांचे सांगाडे एकात एक अडकलेले, सगळ्या रंगांचं मिळून एक तपकिरी पाणी फरशीवर पसरलेलं. कोपऱ्यात श्वेता खाली बसून ओला कागद नखांनी खरवडून काढत होती. तिची बोटं गुलाबी-हिरवी झाली होती. डाव्या गालावर अजून बोटं दिसत होती, ती आईची. शेजारची सुगंधा आजी दारातच बसली होती, आलेल्या माणसाची झडती घेतल्यासारखी बघत.

सुलक्षणाने तोंड उघडलं. पण शकु तिच्या आधी बोलली.

"बाई, तुम्ही कशाला आलात हो एवढं चढून! मीच येणार होते माफी मागायला."

"तुम्ही? तुम्ही कशाला माफी..."

"मग? पोरीनं तुमचं नाव खराब केलं. तुम्ही एवढं जीव लावून शिकवता, आणि हिनं काय केलं, आभाळाकडं न बघताच काढलं ऊन. साहेब येणार म्हणून नटायची घाई हिला! लोक आता तुमच्या फळ्यावर थुंकायला लागले, बाई. माझ्या पोरीमुळं."

शकु रडत नव्हती, पण तिचा आवाज रात्रभर रडून झालेल्या बाईचा होता. तिने सुलक्षणाला जबरदस्तीने एकुलत्या एका खुर्चीत बसवलं. चहा टाकला. आलं ठेचून घातलं. सुगंधा आजी दारातून म्हणाली, "एक माझ्या सुनेचा पण होता त्यात. बारीक झालर कापून लावलेली. असो. पोर आहे."

पाठ केलेली वाक्यं सुलक्षणाने मनात पुन्हा एकदा म्हटली. आत्ता सांगितलं तर ही बाई हातातला चहा माझ्या अंगावर ओतेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, ओतणार नाही, नुसती बघेल. ते जास्त वाईट. हा घोट झाला की सांगते, असं म्हणत तिने एक घोट घेतला, आणि मग दुसरा.

"श्वेते," शकु ओरडली, "उठ. बाईंना सॉरी म्हण."

श्वेता उठली. रंगलेले हात फ्रॉकला पुसले. तिने सुलक्षणाकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग असता तर सुलक्षणाला बरं वाटलं असतं. तिथे राग नव्हता. पोरगी फक्त वाट बघत होती. बाईंना सगळं माहीत आहे, आता बाई सांगतील, एवढंच त्या नजरेत होतं.

बाईंनी तिसरा घोट घेतला.

"सॉरी, बाई," श्वेता म्हणाली.

"असू दे," सुलक्षणाच्या तोंडून निघालं. "पुढच्या वेळी नीट बघत जा हं."

हे वाक्य आपण बोललो, यावर तिचा स्वतःचा विश्वास बसेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच संन्याशाला उपदेश करत होता. श्वेताने मान खाली घातली आणि पुन्हा कामट्या खरवडायला बसली. आल्याचा चहा सुलक्षणाने संपवला. कप खाली ठेवून ती पायऱ्या उतरायला लागली, तेव्हा वरून शकुचा आवाज आला, "सांभाळून हो बाई, पायऱ्या ओल्या आहेत!"

रविवारी तिने स्वयंपाक केला, वाढला, आणि ताट तसंच ठेवून उठली. हर्षदने विचारल्यावर सगळं सांगून टाकलं.

"सोड गो," तो म्हणाला. "पाऊस काय तू पाडलास? हवामान आहे ते, चुकतं. मोठमोठ्यांचं चुकतं."

"तिचं चुकलं नव्हतं हर्षद. तिचं बरोबर होतं."

"मग मदत कर त्यांना काहीतरी. कागद घेऊन दे. सांगायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

तिलाही नेमकं हेच सुचलं होतं, म्हणून तर ते नवऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला स्वतःची शिसारी आली. कागद नेऊन दिला असता, तर शकुने पुन्हा आभार मानले असते. पुन्हा चहा केला असता.

तोंडाकडे बघू नका, आभाळाकडे बघा, असं पाच महिने शिकवलं. श्वेता शिकली, बघितलं, खरं सांगितलं. आणि तिला त्याचं काय मिळालं? आधी वर्गाचं हसू, मग आईचा मार, मग वस्तीची शिवी, आणि सगळ्यात शेवटी बाईंचा उपदेश. ती पोरगी आता पुन्हा कधी आभाळाकडे बघेल का, हा विचार सुलक्षणाच्या मनातून जाईना.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी शाळेत पोचली. शिपायाकडून बादली घेऊन तिने फळा धुतला, कोरडा केला, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. 'शुक्रवारी श्वेता खरातने पावसाचा अंदाज दिला होता. तो बरोबर होता. साहेबांपुढचा कार्यक्रम बिघडू नये म्हणून मी तिला तो पुसायला लावला आणि ऊन काढायला लावलं. कंदील माझ्यामुळे भिजले.' आणि खाली, जिथे पोरांची नावं यायची तिथे, सुलक्षणा परब.

चंद्रप्रकाश सर आले, वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, हे काय करून ठेवलंत? साहेबांचा फोन आलाय, तुमचा उपक्रम अजून शाळांमध्ये न्यायचा म्हणतायत. पुसा ते, प्लीज. घरी जाऊन सांगा ना, खासगीत!"

"खासगीत सांगायची वेळ शनिवारी होती सर. तेव्हा मी चहा प्यायले."

सरांना काही कळलं नाही. पण त्यांनी फळ्याला हात लावला नाही, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

बायका आल्या. पुढची थांबली म्हणून मागची थांबली. सुगंधा आजीला वाचता येत नव्हतं, तिला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. सुलक्षणा फळ्याच्या बाजूला उभी होती, दोन्ही हात कुठे ठेवावेत ते न कळून. मग शकु आली, एका हाताला धाकटा, दुसऱ्या हाताला श्वेता. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. सुलक्षणाला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

"शनिवारी आलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"चहा पीत होतात तेव्हा?"

"हो. सांगायलाच आले होते. माझी हिंमत झाली नाही."

"कामट्या शाबूत आहेत, बाई," शकु शांतपणे म्हणाली. "कागद नवा लावू. रात्रीचा दिवस करू, आम्हाला काही नवीन नाही ते. पण ही पोर म्हणत होती, आई मी पाऊसच सांगितलेला. आणि मी अजून मारलं, खोटं बोलते म्हणून. ते मी आता कसं परत घेऊ, सांगा मला."

"मला माफ करा" असं सुलक्षणा म्हणाली, पण ते शब्द इतके हलके होते की म्हणतानाच तिला लाज वाटली. शकुने श्वेताच्या गालावरून हात फिरवला, जिथे आता काही दिसत नव्हतं, आणि धाकट्याला घेऊन बालवाडीकडे गेली. सुगंधा आजी जाता जाता पदर सावरत म्हणाली, "लिहिलंस ते बरं केलंस. उशीर केलास."

घंटा व्हायला अजून वेळ होता. गेटवर आता फक्त पाचवीची पोरं उरली होती. सुलक्षणा श्वेतासमोर खाली बसली, पोरीच्या उंचीची होऊन.

"श्वेता, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. मी तुला खोटं लिहायला लावलं, आणि नंतर गप्प बसले. दोन्ही वेळा मीच चुकले, कळलं?"

श्वेताने मान हलवली.

"आजचा अंदाज तू काढतेस?"

सुलक्षणाने फळ्याचा खालचा भाग पुसून जागा करून दिली, आणि खडूंचा डबा पुढे केला. सकाळ स्वच्छ होती. डोंगरावर ढगाचं नाव नव्हतं, हवा कोरडी होती, वर्गातला काटा वर चढला होता. तो अंदाज बालवाडीतल्या पोरानेही सांगितला असता. श्वेताने खडू घेतला. बोटांच्या कडांना अजून गुलाबी रंग होता. ती फळ्यापाशी गेली, खडू टेकवला आणि थांबली. मग मागे वळली.

"बाई, काय लिहू?"

"माझ्याकडे नको बघूस गं. आभाळाकडे बघ."

"बघितलं."

"मग? काय दिसलं?"

श्वेता सुलक्षणाच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट, वेळ घेऊन, अगदी शुक्रवारसारखी. बाकीची पोरंही तिकडेच बघत होती. सुलक्षणाने ओठ घट्ट मिटले, भुवई हलू दिली नाही, चेहरा कोरा ठेवायचा जिवापाड प्रयत्न केला. घंटा झाली. सर व्हरांड्यातून हाका मारायला लागले. पोरगी तशीच उभी, खडू हवेत धरून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. सुलक्षणाला ते बघवेना.

"ऊन आहे ना गं बाळा? मग लिही की ऊन."

श्वेताच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ती वळली, आणि बाईंनी सांगितलं म्हणून तिने फळ्यावर ऊन काढलं.